आपल्यासारखं खेळणं

“मॅच हरली त्याचं काय न्हाई रे. पण पोरं आज आपल्यासारखी खेळली न्हाईत.”

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियममधून बाहेर पडताना मामा हे बोलले तेव्हा मी शाळकरी पोर होतो. मे महिन्याच्या सुट्टीत नगरहून आजोळी आलो होतो आणि फुटबॉलचा हंगाम संपत आला होता. मामांच्या तालमीचा फुटबॉल संघ एका गोलनं हरला होता. सामना हरल्यावर माणसं पंचाच्या नावानं बोटं मोडत घरी जातात, एवढंच मी नगरात पाहिलेलं. इथं पंचाचं नावही कुणी काढलं नाही. घरी पोहोचेपर्यंत वाटेत भेटेल तो माणूस मामांना थांबवून एकच तक्रार करत होता. उत्तरार्धात पोरं घाबरली, चेंडू उचलून लांब मारत सुटली. चेंडू खाली ठेवायचा, जवळजवळ पास देत पुढं सरकायचं, हा आपला खेळ. तो सोडलाच का? एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, “पाच गोल बसलं असतं तरी चाललं असतं, पण ह्यो खेळ आपला न्हवं.”

मामांची तालीम कुठली हे मी इथं लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका तालमीपुरतं नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार, संध्यामठ, उत्तरेश्वर, फुलेवाडी यांपैकी कुठल्याही संघाच्या समर्थकाला पराभवाच्या संध्याकाळी गाठा, तो असंच काहीतरी बोलेल. ‘आपला खेळ’ ही गोष्ट तिथं आहे. ती कुठं लिहून ठेवलेली नाही, कुठल्या प्रशिक्षकानं आखून दिलेली नाही, पण कट्ट्यावर बसलेल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापासून मैदानाच्या जाळीला लटकलेल्या दहा वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना ती ठाऊक असते. कुणी शॉर्ट पासिंगवर जीव टाकतो, कुणाला बगलेतून सुसाट धावणारा आघाडीवीर हवा असतो, कुणाला शेवटच्या मिनिटापर्यंत न वाकणारी बचावफळी म्हणजेच आपली तालीम वाटते. खेळाडू बदलतात, पिढ्या बदलतात, तरी पेठेची मागणी तीच राहते.

नगरमध्ये वाढलेल्या माणसाला हे नवल वाटतं. आमच्याकडं फुटबॉल म्हटलं की आधी लष्कर आठवतं. भिंगार कॅम्पातली मैदानं, जवानांच्या संध्याकाळच्या मॅची, मिशनच्या आणि कॉन्व्हेंटच्या शाळांची पटांगणं. खेळ चांगला होता, आजही आहे. पण तो बघणाऱ्यांचा नव्हता. रेजिमेंटची बदली झाली की संघही जायचा. शाळा सुटली की खेळाडू सुटायचा. पाहणारा टाळ्या वाजवायचा आणि सायकलवर टांग टाकून घरी जायचा. कोल्हापुरात मात्र संघ गल्लीत राहतो. मध्यरक्षक सकाळी दूध घालायला येतो, गोलरक्षकाची आई भाजी घेताना भेटते, आदल्या दिवशी हुकलेल्या पेनल्टीचा जाब त्याच्या घराच्या पायरीवर विचारला जातो. मैदानावर जे खेळलं जातं ते पेठेच्या नावावर जमा होतं, म्हणून ते कसं खेळलं गेलं याचा हिशोब पेठ मागते.

हे सगळं तालमीतून आलं. आणि तालमीचा विचार करू लागलो की मला कोल्हापुरातून परत नगरलाच यावं लागतं, आमच्या भुईकोट किल्ल्यात. या किल्ल्याचं नाव घेतलं की लोकांना पंडित नेहरू आठवतात, १९४२ ते १९४५ मधला त्यांचा बंदिवास आणि तिथं लिहिलेला ग्रंथ. त्याच्या साठ वर्षं आधी याच किल्ल्यात कोल्हापूरचे छत्रपती, चौथे शिवाजी महाराज, वेडे ठरवून ठेवले गेले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा इथं अंत झाला. वय अवघं विशीचं. कोल्हापूरची गादी रिकामी झाली आणि १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा दत्तक आला. तोच पुढं राजर्षी शाहू झाला. नगरच्या किल्ल्याच्या भिंतीजवळून जाताना मला दरवेळी वाटतं, आमच्या गावात एका तरुण राजाचा असा शेवट झाला नसता तर तिकडं शाहू महाराजांचं राज्य आलं नसतं, आणि आज आपण ज्याला कोल्हापूर म्हणतो ते कोल्हापूरही घडलं नसतं. या नात्याची आठवण नगरात फारशी निघत नाही. ती निघावी असं मला मनापासून वाटतं.

शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला हे शाळेच्या पुस्तकात असतं. १९०२ च्या विलायत दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार पाहून आले आणि १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, जिथं मागच्या टोकाला बसलेल्यालाही मधली माती स्वच्छ दिसते. पण राजाश्रयापेक्षा मोठं काम पेठापेठांतल्या तालमींनी केलं. तालीम म्हणजे नुसती कुस्तीची खोली नव्हे. तिथं मारुती आहे, लाल माती आहे, वस्ताद आहे, गणपतीचा मांडव आहे, कितीतरी तालमींत मोहरमचा पंजाही बसतो. ज्या राजानं १९०२ मध्येच नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, त्याच्या गावातली ही लाल माती. मातीत उतरलेल्याची जात पाहू नये, हा तिथला कायदा. तो नेहमी पाळला गेला असं कुणी म्हणणार नाही. पण कायदा काय आहे हे सर्वांना माहीत होतं आणि मोडणाऱ्याला मान खाली घालावी लागत होती, हे थोडं नाही.

संस्थानी काळात राजवाड्याच्या पाठबळानं फुटबॉल रुजू लागला तेव्हा तो या तालमींच्याच दारात आला. पेठेत पोरं होती, रग होती, शिस्त लावणारा वस्ताद होता, फक्त खेळ नवा होता. कुस्तीतली सलामी हस्तांदोलनात गेली. पाडलेल्या मल्लाला हात देऊन उठवायची रीत टॅकल केल्यावर हात पुढं करण्यात उतरली. पुढं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘केएसए’, छत्रपती घराण्याच्या छायेत लीग चालवू लागली आणि तालमींची ईर्ष्या मातीतून गवतावर आली. कोल्हापुरात ‘ईर्षेनं खेळला’ ही शाबासकी असते.

या शहरानं आपली तळी बुजवून मैदानं केली, हेही सांगायला हवं. रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आलं, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान. तळी गेली याची हळहळ मला आहे. पण पहाटे गांधी मैदानावर धुक्यात उभे राहून पाहा. एकाच मैदानाचे तुकडे पाडून चार-चार ठिकाणी सराव चाललेला असतो, आणि प्रत्येक घोळक्याच्या कडेला एक निवृत्त खेळाडू हाताची घडी घालून उभा असतो. त्याला पगार नाही, पद नाही. पोरानं चेंडू उगाच उडवला की तो फक्त “ए” म्हणतो. शैली पुढच्या पिढीला मिळते ती या ‘ए’मधून. पोराला कळतं काय चुकलं ते.

हरण्यापेक्षा आपली रीत सोडण्याची लाज अधिक वाटणं हे वेडेपण नव्हे. जगातल्या फार मोठ्या संघांच्या मागं हीच भावना उभी आहे. १९८२ च्या विश्वचषकात ब्राझीलला इटलीविरुद्ध फक्त बरोबरी पुरेशी होती. फाल्काओनं २-२ केल्यावर मागं सरून वेळ काढता आला असता. प्रशिक्षक टेले सांतानाचा तो संघ मागं सरला नाही, पुढंच खेळत राहिला आणि पावलो रोसीच्या तिसऱ्या गोलनं बाहेर पडला. चषक इटलीनं नेला. पण झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ यांचं नाव निघालं की आजही ब्राझीलचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. मामांनी तो सामना तेव्हा पाहिलेला नव्हता, नंतर कुणाच्यातरी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. मग १९८६ चा मेक्सिकोतला विश्वचषक दूरदर्शनवर आला आणि मॅराडोनानं अर्धी गल्ली पळवली. मामा ब्राझीलचेच राहिले. का, तर “हरतानाबी खेळ सोडला न्हाई.” आजही विश्वचषक आला की कोल्हापूरच्या गल्ल्यांवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे एकमेकांसमोर ताणलेले दिसतात. बाहेरच्यांना ती हौस वाटते. मला ती नातेसंबंधांची ओळख वाटते. गल्लीनं आपल्या खेळाचा जगातला भाऊबंद शोधलेला असतो.

तालमीचा खरा भाऊबंद मात्र मला स्पेनमधल्या बिल्बाओत दिसतो. अॅथलेटिक क्लब हा संघ शंभराहून अधिक वर्षं फक्त बास्क प्रदेशात जन्मलेल्या किंवा तिथंच घडलेल्या खेळाडूंवर खेळतो. बाकीचे क्लब जगभरातून माणसं विकत आणत असताना या संघानं हा हट्ट सोडला नाही, आणि रिआल माद्रिद व बार्सिलोना यांच्याबरोबर स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधीही खाली न गेलेला तो तिसरा संघ आहे. चाळीस वर्षं त्यांना राष्ट्रीय करंडक मिळाला नव्हता. २०२४ च्या एप्रिलमध्ये मायोर्काला पेनल्टींवर हरवून तो मिळाला, तेव्हा खेळाडूंची मिरवणूक नदीतून नावेवर निघाली आणि सगळा प्रदेश काठावर लोटला. चाळीस वर्षांत तिथल्या किती माणसांना कुणीतरी म्हटलं असेल, सोडा हा नियम, दोन परदेशी आणा, जिंकाल. त्यांनी सोडला नाही. त्या काठावर मामा सहज मिसळून गेले असते.

गोव्याचं उदाहरण जवळचं आहे आणि दुखरंही. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली धेंपो क्लबनं २००४-०५ ते २०११-१२ या काळात देशाचं विजेतेपद पाच वेळा मिळवलं, तेही जमिनीवरून चेंडू फिरवणाऱ्या, बघत राहावं अशा खेळावर. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. शैली कितीही देखणी असो, तिला खेळायला जागा उरली नाही तर ती हळूहळू गोष्टींतच शिल्लक राहते.

कोल्हापुरापुढं वेगळा पेच आहे. गेल्या काही वर्षांत तालमींच्या संघांत बाहेरचे खेळाडू आले. आफ्रिकेतले, विशेषतः नायजेरियाचे, उंचेपुरे, वेगवान. बक्षिसांच्या रकमा वाढल्या, पुढाऱ्यांच्या नावाच्या चषकांत चुरस वाढली, आणि पेठेचा खेळाडूही हंगाम सुरू होण्याआधी एका तालमीतून दुसऱ्या तालमीत नोंदणी करू लागला. जुने लोक यावर तळतळतात. गल्लीचा पोरगा समोरच्या पेठेच्या जर्सीत दिसला की त्यांना तो अपमान वाटतो. मी यात पूर्णपणे त्यांच्या बाजूचा नाही. ज्या पोराच्या घरी रिक्षाच्या हप्त्यावर चूल पेटते, त्यानं चार पैसे जास्त देणाऱ्याकडं का जाऊ नये? आणि परदेशातून आलेला पोरगा उपरा का? तालमीच्या मातीचा कायदा जर खरा असेल, तर त्यात उतरलेला प्रत्येक जण तालमीचाच. मी पाहिलंय, असाच एक उंच बचावपटू गोल वाचवून उठला आणि समर्थकांकडं बघून हलगीच्या तालावर हात वर करून उडी मारून गेला, तेव्हा सगळी गॅलरी त्याच्या नावानं उसळली. त्याला पेठेनं घेतलं होतं. तक्रार करायची तर ती माणसं बाहेरून आली याची नको. त्या माणसांना आपला खेळ शिकवायला आपल्याकडं कुणी उरलं आहे का, ही काळजी करायला हवी. उंच माणूस आणला आणि मग सगळे चेंडू त्याच्या डोक्यावर टाकत बसलो, तर तालीम आपली रीत स्वतःच विकून बसते. त्या माणसाचा त्यात दोष नाही.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट गॅलरीत घडते. एकमेकांच्या अंगावर धावून जाणं, बाटल्या, दगड, मैदानाबाहेर रस्त्यावर गाठून मारामाऱ्या. सामने थांबवावे लागले आहेत, बंदोबस्तात खेळवावे लागले आहेत, तरण्या पोरांवर गुन्हे दाखल झाले आहेत. कुठल्या एका तालमीचं नाव घेण्याची गरज नाही, आणि कुणालाही पूर्ण सुटकाही नाही. अशा एका संध्याकाळी मामांबरोबर मी गॅलरीत होतो. मामा उठून उभे राहिले, आपल्याच बाजूच्या पोरांकडं वळले आणि ओरडले, “वस्तादांनी ह्ये शिकवलं काय रं? पडलेल्याला उठवायचं शिकवलंय तालमीत!” पोरांपैकी निम्म्यांना ते ऐकूही गेलं नसेल. पण ज्यांना गेलं त्यांचे हात खाली आले. मला तेव्हा कळलं की मामांचा अभिमान किती कठोर आहे. तो आपल्याच माणसाला आधी धरतो. समोरच्या संघाला शिव्या घालणाऱ्याचं प्रेम सोपं असतं. तालमीच्या नावाला आपणच डाग लावतो आहोत हे आपल्याच माणसांना तोंडावर सांगणाऱ्याचं प्रेम फार थोड्यांना झेपतं. गॅलरीत असे मामा प्रत्येक बाजूला चार-दोन असले तरी पुष्कळ होईल, असं मला वाटतं. आणि ते कमी होत चालले आहेत याची मला भीती वाटते.

तरीही या पोरांना एका वाक्यात गुंड म्हणून मोकळं होणाऱ्यांवर माझा राग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा महापूर शहरात शिरला. छातीएवढ्या पाण्यात उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढणारी, रात्रभर चपात्या आणि पाण्याच्या बाटल्या वाटणारी पोरं तालमींचीच होती, मंडळांचीच होती. ज्या पेठांची मैदानावर ईर्ष्या, त्या पेठांची पोरं एकाच नावेत होती. पेठेवर जीव टाकायची ही सवय कुठल्या दिशेला वळवायची, हा प्रश्न मोठ्यांचा आहे. पोरांकडं जीव आहे, तो नसता तर काहीच करता आलं नसतं.

२०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. भारताचा संघ प्रथमच फिफाच्या विश्वचषकात उतरला होता आणि त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला. दुसऱ्या दिवशी मी मामांना फोन केला, म्हटलं वाईट वाटलं असेल. ते म्हणाले, “पोरगं धावायचं थांबलं न्हाई शेवटपतूर. बास की.”

आता नगरविषयी. भुईकोट किल्ल्याजवळच्या मैदानावर काही मुलं सकाळी फुटबॉल खेळतात. मी तिथं चालायला जातो, त्यामुळं ओळख झाली. कुणाच्या अंगात मँचेस्टर युनायटेडची जर्सी, कुणाच्या सिटीची, बहुतेकांच्या बार्सिलोनाची. एकदा बार्सिलोनावाल्या पोराशी बोलत बसलो. त्यानं मला समजावून सांगितलं की क्लबच्या अकादमीत लहानपणापासून पास कसा शिकवतात, चेंडू गेला की तो परत मिळवायला सगळे कसे एकदम तुटून पडतात. २००६ पर्यंत त्यांच्या जर्सीवर कुठलीच जाहिरात नव्हती, आणि मग नाव आलं ते युनिसेफचं, त्यासाठी क्लबनं उलट स्वतःच पैसे दिले. पुढं जाहिराती आल्या, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, पण ते सांगताना त्याचा आवाज उतरला. हे सगळं घडलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. बार्सिलोना त्यानं फक्त मोबाइलवर पाहिलंय. त्याचा अभिमान उसना आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला एखाद्या रीतीवर प्रेम करता येतं, त्याला ती आपल्या अंगणात आणताही येते.

मी त्याला विचारलं, “आणि तुमची टीम? तुमचा खेळ कसा?”

त्याला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. “सर, आमचा गोलकीपर लांब मारत नाही. पास काढतच वर यायचं, मग गोल बसला तरी चालेल. आणि पाडलं तर हात देऊन उठवायचं, नाहीतर एक मॅच बाहेर. आमचं आम्हीच ठरवलंय.”

त्यांच्या टीमला अजून नाव नाही, सगळ्यांच्या जर्सीचा रंगही एक नाही. कट्ट्यावर बसून “ए” म्हणणारा म्हातारा नाही. पण रीत ठरली आहे, ती मोडणाऱ्याला शिक्षाही ठरली आहे. हंगाम सुरू झाला की या पोरांना कोल्हापूरला घेऊन जायचं मी नक्की केलंय. त्यांच्या आईवडिलांशी बोलणं झालं, एसटीचा हिशोब झाला, आणि रात्री मामांना फोन लावला. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, स्टेडियमच्या पायऱ्या चढायला नातवाचा हात लागतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आण की पोरास्नी,” ते म्हणाले. “पण मॅच दुपारी. त्याआधी पहाटे गांधी मैदानावर आण, सराव बघू दे. आणि सांगून ठेव, आपल्या बाजूच्या गॅलरीत बसायचं. समोरच्यानं चांगला पास काढला तर टाळी वाजवायची, त्याला कुणी आडवं आलं तर माझं नाव सांग म्हणावं.”